दिल्लीचं पत्र तहसीलच्या खिडकीपर्यंत कधी पोचणार?

महोदय,

समलिंगी-तृतीयपंथी लोकांच्या नागपूरच्या प्राइड मार्चचे फोटो तुमच्या अंकात पाहिले की बरं वाटतं. पण तो एक दिवस सोडला तर आमच्या लोकांचं वर्ष कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढं उभं राहण्यात जातं, त्यावर कोणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सेतू केंद्र चालवतो. समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांचं आमचं लहानसं जाळं आहे. पुसदपासून पांढरकवड्यापर्यंतचे काही जण, एक आशाताई, एसटीतले एक वाहक, नागपूरचे एक वकील. कार्यालय वगैरे काही नाही. भेटतो बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी ‘तालुक्याले काहून आला?’ असं कोणी विचारत नाही. फॉर्म भरायचं काम अर्थातच माझ्याकडं.

17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, पण अशा जोडप्यांच्या रोजच्या अडचणींसाठी केंद्रानं कॅबिनेट सचिवांची समिती नेमायचं कबूल केलं होतं. पुढं 1 सप्टेंबर 2024 ला केंद्राच्या सामाजिक न्याय खात्यानं जाहीर केलं की रेशनकार्डासाठी असे जोडीदार एकाच कुटुंबातले धरावेत, असं अन्न विभागानं राज्यांना कळवलंय. संयुक्त बँक खात्याला आडकाठी नाही, जवळचे नातलग नसले तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात मिळावा, हेही त्यात होतं. त्याला वर्ष उलटून गेलं.

बँकेचं काम सोपं निघालं. दोन बायांचं संयुक्त खातं साहेबांनी काही न विचारता उघडून दिलं. तसं ते आधीही उघडता आलं असतं, कागद हाती असला की माणूस बँकेची पायरी चढतो एवढंच.

रेशनकार्डापाशी मात्र गाडं अडलं. या दोघी मजुरी करतात, कित्येक वर्षं एका टिनाच्या घरात राहतात. एकीचं नाव भावाच्या कार्डात, दुसरीचं सोडलेल्या सासरच्या कार्डात. भाऊ वर्षानुवर्षं बोलत नव्हता. रेशनकार्डाची ई-केवायसी, म्हणजे अंगठा लावून ओळख पटवणं, आली तेव्हा त्याचा फोन आला, ‘अंगठा देऊन ये, नाही तं तुह्यं नाव कटते.’ नाव कटलं तर माणशी पाच किलो धान्य त्याच्या घरातून कमी होणार ना! नाव कमी करायच्या अर्जावर सही मागितली तर पुन्हा फोन उचलेना.

नव्या कार्डाचा अर्ज मी भरला, केंद्राच्या निवेदनाची प्रत जोडली. कुटुंबप्रमुख कोण, हा प्रश्नच नव्हता. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली मोठी बाईच प्रमुख असते, इथं तर दोन्ही बायाच. अडलं ते ‘प्रमुखाशी नाते’ या रकान्यात. तहसीलचे बाबू म्हणाले, ‘यायचं एकमेकीशी नातं काय लागते?’ मी प्रतीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, ‘हे दिल्लीचं आहे. आपला जीआर दाखवा.’ अर्ज त्रुटीत निघाला. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला त्यांनी. पण वरून लेखी आल्याशिवाय ते सही करणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही केली नसती.

याच वर्षात एका बापानं पोराला ‘सुधरवायला’ आधी बुवाकडं नेलं, मग शहरातल्या डॉक्टरकडं. लैंगिक कल बदलायचे असे उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं 2022 मध्येच कळवलंय. त्याची प्रत दिली. बापानं ती घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, ‘मग लगन केव्हा करन हा, ते सांगा.’ उपचार मात्र थांबले.

अन्न व नागरी पुरवठा विभागाला विनंती आहे. केंद्राच्या सूचनेवर राज्याचा आदेश निघाला असेल तर तो प्रत्येक तहसीलच्या पुरवठा शाखेला पाठवा; निघाला नसेल तर काढा. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, तेही त्यात स्पष्ट असू द्या. आणि वेगळं कार्ड मागणाऱ्या बाईला जुन्या कार्डवाल्याच्या सहीची अट घालू नका. ई-केवायसीचे फ्लेक्स तर गावोगाव लागले होते, हा एक कागद नोटीस बोर्डावर लावायला कितीसा खर्च?

दोघींचा अर्ज अजून त्रुटीतच आहे. कापसाची वेचणी लागायच्या आत निकाली निघाला तर त्यांची मजुरी बुडणार नाही.

– एक सेतू केंद्रचालक, जि. यवतमाळ
(नाव छापू नये. गावात कळलं तर केंद्रावर गिऱ्हाईक येणार नाही.)