रिबिल्ट डिस्ट्रिब्युटरच्या सदोष ॲडव्हान्सबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: सदोष डिस्ट्रिब्युटर बदलून देणे किंवा रक्कम परत करणे

महोदय,

माझ्या जुन्या चार सिलिंडरच्या गाडीसाठी मी आपल्याकडून रिबिल्ट (जुना दुरुस्त करून पुन्हा जोडलेला) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग, घेतला. खोक्यात 'टेस्टेड' असा शिक्का असलेली चिठ्ठी होती. तो बसवल्यापासून चढावर, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नॉकिंग करते, म्हणजे आतून ठकठक वाजते. टायमिंगबाबत, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेबाबत, आपल्या मदत विभागाचे उत्तर मात्र ठरलेले: "डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून टायमिंग मागे घ्या." दोष सेटिंगमध्ये नाही, तुम्ही पाठवलेल्या मालात आहे, म्हणून हे लेखी कळवत आहे.

आधी पुलीची खूण तपासली. जुन्या पुलीतले रबर सरकले तर खूणही सरकते आणि मग टायमिंग लाइट (खुणेवर चमकून टायमिंग दाखवणारा दिवा) खोटे बोलते. म्हणून प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप बसवून पहिल्या सिलिंडरचा टॉप डेड सेंटर (पिस्टन सर्वांत वर असतो ती जागा, थोडक्यात 'टॉप') पडताळला. खूण बरोबर निघाली. ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही बदलते, त्यामुळे गॅप आधी लावला. इंजिनच्या ओढीने टायमिंग पुढे नेणाऱ्या व्हॅक्युम युनिटची नळी काढून तिचे तोंड बंद केले आणि मगच रीडिंग घेतले.

८०० आरपीएमला टायमिंग टॉपच्या १० अंश आधी, म्हणजे माझ्या इंजिनच्या मॅन्युअलप्रमाणे. ३००० आरपीएमला मात्र ते ४६ अंशांवर जाते. मॅन्युअल तिथे ३२ सांगते. म्हणजे वेट्सनी (वेग वाढला की उघडून टायमिंग पुढे नेणारी, म्हणजे ॲडव्हान्स देणारी डिस्ट्रिब्युटरमधली वजने) क्रँकवर (इंजिनच्या मुख्य दांड्यावर) २२ अंश वाढवायला हवे होते, तिथे ३६ वाढवले. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून आपल्या टेस्ट बेंचवर हेच आकडे ११ आणि १८ दिसायला हवेत. ते कोणी पाहिले होते का?

आता आपला सल्ला मानून बॉडी फिरवली आणि वरचे टायमिंग ३२ वर आणले, तर खालचेही तेवढेच १४ अंश मागे जाते. मग आयडलिंगला ठिणगी टॉप उलटून गेल्यावर ४ अंशांनी पडते. इंजिन सुरू व्हायला त्रास देते, पिकअप मरतो, एक्झॉस्ट तापतो. बॉडी फिरवून सगळे आकडे एकत्र पुढे-मागे होतात, त्यांच्यातले अंतर कमी होत नाही. हे आपल्या तंत्रज्ञांना मी समजावून सांगावे, याचे नवल वाटते.

मग बेस प्लेट काढून पाहिले. वेट्सची हालचाल अडवणाऱ्या पिनवर बुश असायला हवा, तो नाहीच. त्यामुळे वेट्स हव्या त्यापेक्षा जास्त उघडतात. फोटो सोबत आहेत. व्हॅक्युम युनिटही तपासले: नळीतून हवा ओढली की प्लेट किंचित हलते आणि लगेच परत येते, म्हणजे डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) गळका आहे. नॉकिंगचे कारण हे नाही, पण 'रिबिल्ट' म्हणून विकलेल्या वस्तूत हे कसे चालते?

आपल्या शेवटच्या ईमेलमध्ये पेट्रोलच्या ऑक्टेनवर (नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेवर) बोट ठेवले आहे. त्याच टाकीतल्या पेट्रोलवर जुना डिस्ट्रिब्युटर परत लावून पाहिला. त्याचा शाफ्ट ढिला आहे, टायमिंग लाइटखाली खूण नाचते, अधूनमधून मिसिंग होते. पण त्याच चढावर नॉकिंग होत नाही.

"ग्राहकाने चुकीचे सेटिंग केले" हे कारण देऊन वॉरंटी नाकारणारा निर्णय कृपया मागे घ्यावा. बदली डिस्ट्रिब्युटर पाठवणार असाल, तर त्यासोबत ५०० ते २००० डिस्ट्रिब्युटर आरपीएमपर्यंतचे ॲडव्हान्सचे आकडे लेखी द्यावेत आणि ते माझ्या इंजिनच्या मॅन्युअलशी जुळावेत. ते शक्य नसेल तर वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. सध्याचा डिस्ट्रिब्युटर मी उघडलेल्या स्थितीतच ठेवला आहे. तो नेण्याची व्यवस्था आपण करावी.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, 'टेस्टेड' चिठ्ठी, टायमिंगची रीडिंग, वेट्स आणि पिनचे फोटो