एमजीबीचा सायलेन्सर आणि कॉव्हेंट्रीचे काका

प्रिय काका,
सा. न.

नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळतोय. पत्र मात्र उघड लिहितोय, कारण इंग्लंडात जुनी ब्रिटिश गाडी बाळगणारे आपले लोक आहेत आणि एक्झॉस्ट बदलताना बहुतेकांना तोच मोह होतो जो मला झाला होता.

माझी एमजीबी, म्हणजे दोन जणांची उघडी स्पोर्ट्स गाडी, १९७२ची. सायलेन्सरचा मागचा डबा गंजून फुटला, तेव्हा बदलायचाच आहे तर मॅनिफोल्डपासून (इंजिनातून निघणारा धूर गोळा करणारा भाग) शेपटीपर्यंत सगळं 'स्पोर्ट्स' करू असा माझा बेत होता. ट्युब्युलर, म्हणजे पातळ नळ्यांचा मॅनिफोल्ड, मोठ्या व्यासाचा पाइप, मधला डबा बाद. यादी तुम्हाला वाचून दाखवली. तुम्ही ना किंमत विचारली, ना कंपनी. विचारलंत ते एवढंच: "ओव्हरड्राइव्ह आहे का? आणि सूनबाई शेजारी बसते का?"

दोन्ही प्रश्नांचा अर्थ तुम्ही मग यादीच्याच कागदाच्या पाठीमागे मांडून दाखवलात. मोटरवेवर ताशी ७० मैल, ओव्हरड्राइव्हमध्ये (वेग तोच ठेवून इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर), म्हणजे इंजिन मिनिटाला साधारण ३२०० फेऱ्यांवर. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोनदा पेटतं, म्हणजे सेकंदाला शंभराच्या थोडं वर ठोके. नेमका हाच घुमणारा खालचा सूर मधला डबा गिळतो. तो काढला की गाव ओलांडताना पाच मिनिटं मजा येते, आणि टप लावून दोन तास गाडी चालवली की डोकं धरतं. शिवाय मूळ गाडीपेक्षा जास्त आवाज होईल असा सायलेन्सरमधला फेरफार इथल्या कायद्यालाही चालत नाही. हे मला कोणत्याही विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. एकाने तर दहा अश्वशक्ती वाढेल असं बिनधास्त सांगितलं होतं, ९५ अश्वशक्तीच्या गाडीला!

मॅनिफोल्डवर तर तुम्ही माझं बौद्धिकच घेतलंत. १७९८ सीसीच्या या इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, धूर बाहेर जायला तीनच वाटा: कडेला एकेक आणि दोन-तीन नंबरची मिळून मधली एक. मला ती सामायिक वाट म्हणजे जुन्या काळची काटकसर वाटायची. तुम्ही पेटण्याचा क्रम लिहिलात, १-३-४-२, आणि दाखवलंत की दोन आणि तीन यांच्यात क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) एक पूर्ण फेरी जाते. एकाचा धूर दुसऱ्याच्या आड येत नाही. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या गाडीसाठी मुळातच चांगला आहे. त्याच्या जागी पातळ नळ्या बसवल्या तर उष्णता शेजारच्या एसयू बनावटीच्या दोन कार्बुरेटरांना (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) जास्त भाजते आणि उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ होते. कॅम (झडपा उघडणारा दांडा) बदलला, हेडवर काम केलं, तर गोष्ट वेगळी. ते मी केलेलं नाही, करणारही नाही. मोठ्या पाइपचंही तसंच: धुराचा वेग मंदावतो आणि या गाडीची खरी ताकद जिथे आहे, त्या ३००० फेऱ्यांच्या आसपासच ती लुळी पडते.

म्हणजे शेवटी राहिलं काय? मूळ मापाचा, दोन डब्यांचा, स्टेनलेसचा संच. त्यातही तुम्ही स्टेनलेसचं कौतुक आंधळेपणाने केलं नाहीत. त्याचा आवाज जरा पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखा येतो, हे आधीच सांगितलंत. पण एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, आणि दुकानापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीत ते मागच्या डब्यात तसंच साचून राहतं. साधं पोलाद आतून सडतं ते यामुळे. माझी गाडी अशाच छोट्या फेऱ्या करते, त्यामुळे हिशेब सरळ होता.

आणि बसवायच्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. गुडघा दुखत असताना गाडीखाली झोपलात. मॅनिफोल्डचे स्टड आदल्या रात्रीच तेलात भिजवून ठेवायला लावले होतेत, म्हणून एकही तुटला नाही. नट पितळीच हवेत, पोलादी उष्णतेने धरून बसतात, हे तुम्ही पाना हातात देताना सांगितलंत. सगळे क्लँप आधी सैल, मग इंजिन गरम, मग शेवटचा आवळा. स्टेनलेस तापून जास्त लांबतं म्हणून. पाइप आणि बॉडीमध्ये सगळीकडे बोट जातं का ते तुम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपत गेलात, आणि गिअरबॉक्सजवळ जात नव्हतं तिथे ब्रॅकेट पुन्हा सोडायला लावलं. तेव्हा मी मनात वैतागलो होतो. आता स्पीडब्रेकरवरून जाताना खालून एकही ठोका येत नाही.

आवाज कसा आहे म्हणाल, तर सुरू करताना भारदस्त, चढावर थोडा खर्जात, आणि मोटरवेवर सूनबाईंशी बोलता येतं. त्या तुम्हाला वेगळं पत्र लिहिणार आहेत.

प्लग काढून पाहिले. चारही फिक्या तपकिरी रंगाचे आहेत, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठीक आहे आणि कार्बुरेटरच्या पेट्रोल मापणाऱ्या सुया बदलायची गरज दिसत नाही. तरी एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या. शनिवारी येतो. पाव आणि मिसळीचा रस्सा आणतो, काकूंना फक्त कांदा चिरून ठेवायला सांगा.

तुमचा,
एमजीबीवाला