स्टीलच्या टाकीवरची सजावट आणि रंगाखालचा गंज

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात स्कूबा बंद असते आणि माणसे मोकळी असतात. त्यामुळे डायव्हरच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या रंगवणे, त्यांवर नाव-चित्र काढणे हे काम साहजिकच जून-जुलैत निघते. रंगकामाला वर्षातला याहून वाईट काळ नाही. हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर असेल, किंवा टाकीचा पत्रा दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होते त्याहून) किमान 3 अंशांनी गरम नसेल, तर पत्र्यावर डोळ्यांना न दिसणारी ओल असते. रंग मारला की ती आत कोंडते आणि गंज रंगाखाली धरतो. पावसाळ्यात टाक्या धुणे, तपासणे आणि हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या टाकीच्या चाचणीला) पाठवणे ही कामे उरकावीत. रंग मात्र डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी, दोन-दोन टाक्या कामातून बाजूला काढून लावावा.

स्टीलच्या बऱ्याच स्कूबा टाक्यांवर जस्ताचा थर असतो. ओरखडा पडला तर जस्त आधी झिजते आणि स्टील वाचते. ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंगने तोच थर उडतो. आम्लाने तर जस्त विरघळतेच, शिवाय उच्च ताकदीच्या स्टीलमध्ये हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याची भीती असते. एवढे सांभाळूनही बहुतेक काम बिघडते ते हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या ऑइल पेंटने. त्यातले तेल जस्ताशी संयोग पावून खाली साबणासारखा थर बनवते. काही महिन्यांत पोपडे सुटतात आणि दोष ‘खाऱ्या हवे’वर ढकलला जातो.

टाकी रिकामी करताना आत 5 ते 10 बार (बार हे दाबाचे एकक) हवा राहू द्यावी आणि व्हॉल्व्ह घट्ट बंद ठेवावा, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. भांड्यांचा साबण आणि गोडे पाणी वापरून टाकी धुवावी, पूर्ण वाळवावी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. 320 नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. चकाकी जाईल इतकेच घासायचे, जस्त खरवडायचे नाही. व्हॉल्व्ह, मान आणि खांद्यावरची ठोकलेली अक्षरे मास्किंग टेपने झाकावीत. अनुक्रमांक, दाब आणि टेस्टची तारीख रंगाने बुजली तर तपासणारा तो भाग आधी खरवडणारच. मग दोन भागांच्या इपॉक्सी प्रायमरचा एक हात आणि त्यावर पॉलियुरेथेनचे दोन पातळ हात. दोन हातांमधले अंतर डब्यावर लिहिलेले असते तेच पाळावे. त्यानंतर आठवडाभर टाकीला पट्टा लावू नये. पॉलियुरेथेनच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. योग्य श्वसनयंत्र नसेल तर स्प्रे न मारता ब्रश वापरावा.

मॅट काळा रंग देखणा दिसतो, पण होडीवर उन्हात तो तापतो. 200 बारच्या टाकीत दर अंशाला सुमारे 0.7 बार दाब चढतो, म्हणजे 30 अंशांच्या वाढीला 20 बार. पिवळा किंवा पांढरा रंग पाण्यातही चांगला दिसतो.

रंगकाम नको असेल तर स्टिकर लावता येतो. तो कापीव व्हिनाइलचा, लहान आणि गोल कोपऱ्यांचा असावा. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. साबणपाणी लावून चिकटवू नये, कोरडाच लावावा. कडेवर पॉलियुरेथेन क्लियर कोट फिरवावा. ओरखड्यावर स्टिकर लावणे म्हणजे मीठ झाकून ठेवणे. पूर्ण टाकीला गुंडाळण्याची फिल्म तर नकोच, खाली खड्डे पडत असले तरी कोणाला दिसत नाहीत. बीसीडीचा, म्हणजे टाकी पाठीवर धरणाऱ्या फुगत्या जाकिटाचा, पट्टा बसतो तिथेही काही चिकटवू नये, ओल्यात पट्टा घसरतो.

नाव कोरणे, पंच मारणे, भोक पाडणे किंवा कडी वेल्ड करणे सर्वस्वी वर्ज्य. दर भरणीला टाकी किंचित फुगते आणि कोरलेल्या रेषेच्या टोकाशी ताण एकवटतो. नावापुरता पेंट मार्कर पुरे. पावडर कोटिंगच्या (भुकटीचा रंग तापवून बसवण्याच्या) भट्टीत टाकी घालायची असेल तर आधी उत्पादकाची परवानगी हवी. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला तर ती भट्टी कायमची कमजोर करते.

सजावटीच्या नादात विसर पडतो तो बुडाच्या प्लॅस्टिक बुटाचा. गोल बुडाच्या टाकीला तो लागतो खरा, पण खारे पाणी आणि वाळू त्यातच साठते. तिथे प्राणवायू कमी पोहोचतो आणि कडेला जास्त, त्या फरकातून गंज खोल खड्डे पाडत जातो. रंगाचा शेवटचा हात बुटाखालीही न्यावा. बूट महिन्यातून एकदा तरी उतरवून टाकी गोड्या पाण्याने धुवावी आणि दोन्ही सुकल्यावरच परत चढवावा. बुटाची भोके स्टिकरने बुजवू नयेत. तपकिरी डाग दिसला तर वर रंग फासू नये. खड्डा नखाला लागत असेल तर टाकी पेसोची (दाबाच्या सिलिंडरांवर देखरेख करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मान्यता असलेल्या तपासणी केंद्रात न्यावी.

आपला,
एक वाचक, मालवण