बेळगावात गुलाबाची बाग होऊ दे की!

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या फेब्रुवारीत चंदीगडला गेलो होतो, तिथली झाकीर हुसेन रोज गार्डन बघितली आणि खरं सांगतो, पाय निघेना. १९६७ ची बाग, ३० एकर, हजारो झाडं, प्रत्येक वाफ्यात वेगळी जात. उटीची बाग तर १९९५ ची, आणि २००६ साली तिला जागतिक गुलाब महासंघाचा पुरस्कारपण मिळाला.

मग आपल्या बेळगावात का नको? हवा गार आहे, खानापूर बाजूची लाल माती आहे, नर्सरीवाले पण आहेत. फक्त पावसाळा जोरदार त्यामुळं वाफे उंच पाहिजेत, पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि पानं सतत ओली राहिली की त्यावर काळे ठिपके पडून ती गळतात, झाड उघडं पडतं. जंगली गुलाबाच्या खुंटावर चांगल्या जातीचा डोळा भरलेली, म्हणजे कलमी रोपं लावायची, पाऊस संपला की ऑक्टोबरात छाटणी, म्हणजे डिसेंबरात बहर. आणि पाट्या कन्नड, मराठी दोन्हीत लावा, आमच्या आईसारख्यांना वाचता येतील, फुलं बघताना नाव कळलं की माणूस थांबतो ओ. टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोच्या आवारातली जुनी झाडं मात्र त्यासाठी तोडू नका, मोकळी जागा दुसरीकडं बघा.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव