रक्तदाब उभ्यानेही मोजावा

महोदय,

रक्तदाबाविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते त्याचा सारा भर दाब वाढू नये यावर असतो, आणि ते योग्यच आहे; परंतु उभे राहताच तो एकाएकी उतरतो, या प्रकाराची दखल क्वचितच घेतली जाते. माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात पहाटे लघवीला म्हणून उठले आणि मोरीच्या उंबऱ्याशी कोसळले. कपाळाला चार टाके पडले. त्याच्या आठवडाभर आधी एका आरोग्य शिबिरात, दोन जिने चढून आल्या आल्या, सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळून त्यांचा रक्तदाब मोजला गेला होता. आकडा चढलेला दिसला आणि गोळी वाढवून मिळाली.

माणूस उभा राहिला की अर्ध्या लिटरहून अधिक रक्त पोटाच्या व पायांच्या शिरांत उतरते आणि हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे घटते. मानेतील धमनी जेथे दुभंगते तेथे, तसेच महाधमनीच्या कमानीत, भिंतीवरचा ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. दाब उतरू लागताच त्यांच्याकडून मस्तिष्कपुच्छाकडे (मेंदूच्या सर्वांत खालच्या भागाकडे) जाणारे संदेश विरळ होतात. त्यासरशी हृदयाचे ठोके वाढतात, सूक्ष्म धमन्या आवळल्या जातात आणि आपल्याला काही कळायच्या आत दाब सावरला जातो. हे आवळणे केवढे प्रभावी असते पाहा: नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर तेवढ्याच दाबाने वाहणारा प्रवाह निम्मा नव्हे, सोळाव्या हिश्श्यावर येतो. साहजिकच, या धमन्या वेळेवर आवळल्या गेल्या नाहीत तर डोळ्यांपुढे अंधारी यायला वेळ लागत नाही.

उतारवयात धमन्यांच्या भिंती ताठरतात, त्यामुळे ताणातला फरक उशिरा ओळखला जातो. जुन्या मधुमेहात चेतातंतूच दुबळे झालेले असतात. त्यात प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधे धमन्या सैल करतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात. वडील प्रोस्टेटची अशीच गोळी रोज रात्री घेत होते, पण शिबिरात त्यांना ते कोणी विचारले नाही.

पाच मिनिटे आडवे करून एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा, एवढीच ही तपासणी आहे. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर डॉक्टरांनी औषधांचा फेरविचार करायला हवा (रुग्णाने परस्पर गोळ्या बंद करणे मात्र धोक्याचे). पडल्यानंतर वडिलांची अशी तपासणी झाली, तेव्हा वरचा आकडा १४८ वरून थेट ११२ वर आला. ज्येष्ठांसाठी शिबिरे भरवणाऱ्या संस्थांनी ही सहा-सात मिनिटे राखून ठेवावीत, एवढीच विनंती. शिबिरात मिळालेले कार्ड आम्ही जपून ठेवले आहे. त्यावर वजन, उंची, साखर, रक्तगट या सगळ्यांचे रकाने आहेत, उभ्याने मोजलेल्या रक्तदाबाचा तेवढा नाही.

– एक वाचक, सातारा