आई, तुझ्या फोनने बॅच नारिंगी झाली

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा म्हणाले की चिपळूणला कोणी विचारलं मुलगी काय करते तर मी सांगतो "नॅनो काहीतरी", आणि आई मागून ओरडली "अहो बल्बचं काम आहे तिचं!" तेव्हाच ठरवलं की एकदा लिहूनच पाठवते, फोनवर दर दोन मिनिटांनी कुकरची शिट्टी होते नाहीतर दारात कोणीतरी येतं.

बाबा, तुम्ही तुर्भ्याच्या रंगाच्या कंपनीत अख्खी नोकरी शेड मॅच करण्यात घालवलीत. पत्र्याचा तुकडा खिडकीशी धरायचा, थोडा पिवळा टाकायचा, कणभर काळा, परत खिडकी. म्हणजे रंग बदलायचा तर पिगमेंट बदला. आमच्याकडे पिगमेंट तेच, कॅडमियम सेलेनाइड, बदलायची फक्त कणाची साइज. साधारण २ नॅनोमीटरचा कण निळा चमकतो, ६ चा लाल, मधले हिरवे-पिवळे-नारिंगी. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा १० लाखावा भाग. कारण विचाराल तर बासरी आठवा, आखूड बासरी बारीक वाजते, लांब खर्जात, तसंच कण छोटा झाला की आतला इलेक्ट्रॉन कोंडला जातो, त्याला मोठी उडी मारावी लागते आणि उजेड निळ्याकडे सरकतो. यांना क्वांटम डॉट म्हणतात.

एकिमोव्ह नावाच्या रशियन माणसाला हे १९८० च्या सुमारास काचेत दिसलं, आत तेच कॉपर क्लोराइड, पण काच किती तापवली आणि किती वेळ, त्यावर ती कुठला उजेड शोषते ते बदलत होतं. (बाबा, तुम्हाला हा माणूस आवडला असता.) त्याला आणि ब्रूस, बावेंडी या अमेरिकेतल्या दोघा केमिस्टांना याच डॉटसाठी २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. डॉट बनवायची आम्ही रोज करतो ती रेसिपी १९९३ ची, बावेंडीची. आई, हा बावेंडी कॉलेजात केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला होता, माझ्या बारावीच्या मार्कांवरून आता तरी बोलायचं थांबव.

तर आता मुद्द्यावर येते. गेल्या मंगळवारी हिरवी बॅच करत होते. फ्लास्कमध्ये नायट्रोजन, तापमान २६० च्या पुढे, सिरिंजने सेलेनियम झपकन आत सोडलं की घड्याळ सुरू, कण वाढायला लागतात, फ्लास्कमधला रंग पिवळट, मग केशरी, मग लालसर (हिरवी, नारिंगी म्हणते ती यूव्हीखालची चमक), आणि हवा तो टप्पा आला की तेवढ्यात मँटल, म्हणजे फ्लास्कखालची विजेची शेगडी, खाली ओढायचा. हिरव्याला जेमतेम अर्धा मिनिट मिळतं. नेमका आईचा फोन. बाबांची अँजिओग्राफी झाल्यापासून अवेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो, ग्लोव्हज काढले आणि घेतला, तर आई विचारतेय ठाण्याच्या घरात पुरणयंत्राची बारीक जाळी कुठे ठेवलीय. माळ्यावर, निळ्या डब्यात! परत येऊन बघते तर हिरवं कधीच गेलेलं. यूव्ही दिव्याखाली धरली, नारिंगी ठणठणीत. शेड उतरली, बाबा.

म्हणून ११ ते १ मध्ये मी फोन उचलत नाही, राग मानू नका. काही गंभीर असेल तर लागोपाठ दोनदा रिंग द्या, मी समजेन.

कॅडमियम विषारी असतं म्हणून काळजी करू नकोस आई, सगळं फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात, चालतं आणि जेवणाचा डबा लॅबच्या बाहेर.

आणि बाबा, राम मारुती रोडवरच्या दुकानदाराने तुम्हाला जो क्यूएलईडी टीव्ही दाखवला त्यात असेच क्वांटम डॉट असतात, पण ते स्वतःहून पेटत नाहीत, मागे निळे एलईडी असतात आणि डॉटची फिल्म त्यातल्या थोड्या निळ्याचं लाल आणि हिरवं करते. रंग खरंच छान येतात, पण बातम्या आणि कीर्तन बघायला एवढे पैसे घालू नका, जुना चालतोय. पेशींना खूण करायला, लेसरला, फायबरमधून निरोप पाठवायला यांच्यावर खूप काम चाललंय, ते सगळं लिहीत बसले तर माझी ठाणे लोकल चुकेल.

गणपतीला येताना नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च आणते. सॅनिटायझरमध्ये चिमूटभर हळद ढवळून ठेवा, अंधारात टॉर्च मारला की हिरवट-पिवळी चमकते, त्यात नॅनो काही नाही, साधी डब्यातली हळद. तिकीट काढलंय, वेटिंग १४ आहे.

तुमची,
ठमी