बुधवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून मी आठवड्यातून चारच दिवस कामाला जाणार आहे. बुधवार मोकळा. पगार पाचव्या हिश्शाने कमी होईल. बढतीही नको म्हणून कळवलंय, कारण तिच्यामागोमाग रोज रात्री अमेरिकेचे कॉल आले असते. फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे. पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं तुम्ही तिन्ही पाळ्या केल्यात. पहाटेची बस कधी चुकवली नाहीत, ओव्हरटाइमला कधी नाही म्हणाला नाहीत. त्याच पैशांतून माझी इंजिनिअरिंगची फी गेली. आज मला 'पुरे' म्हणता येतंय ते त्यामुळेच. तुम्हाला तेव्हा ते म्हणता येत नव्हतं.

गेल्या आठवड्यात मागच्या वर्षीची डायरी चाळली. वर्षभरात मी सहकारनगरला सव्वीस वेळा आले. त्यातले अकरा दिवस दवाखान्यात गेले, तीन बँकेत. उरलेल्या वेळी जेवले, सोफ्यावर डुलकी काढली आणि गर्दी व्हायच्या आत वाकडला निघाले. आई, तुझ्याशी निवांत शेवटचं कधी बोलले ते आठवेना. डायरी मिटून बराच वेळ रडले. वेळ नव्हता असं नाही गं. होता तो कामांनी खाल्ला, आणि मी खाऊ दिला.

म्हणून बुधवारी कामं काढायची नाहीत. बिलं, औषधं मी शनिवारी घरूनच बघेन. बाबांच्या पेन्शनचा हयातीचा दाखलासुद्धा आता मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी नोव्हेंबरात रांगेत उभं राहायला नको. दवाखाना मात्र टळणार नाही. त्यासाठी मी वेगळी रजा घेईन, पण बुधवार त्यात घालवायचा नाही.

बाबा, सकाळी आपण पर्वतीला जाऊ. एकशे तीन पायऱ्या होतात की नाही याची काळजी नको. गेल्या दिवाळीत तुम्ही अर्ध्यावर बसलात आणि "पुढच्या वेळी बघू" म्हणालात, तेव्हा मी घड्याळ बघत होते. आता जिथे दम लागेल तिथे बसू. कारखान्यातल्या संपाचं तुम्ही नेहमी अर्धवट सांगता, ते मला पूर्ण ऐकायचंय.

आई, तुझ्याशी थोडं भांडायचंय. मी येणार म्हटलं की तू दोन दिवस आधीपासून ओट्याशी. मी आल्यावरही तू आतच. मग चकल्यांचा डबा घेऊन मी निघते आणि तुझा चेहरा नीट बघितलेलाच नसतो. डबे नकोत मला. मेथी निवडायला घे, मी समोर बसते. पिठलं-भाकरी दोघी मिळून करू.

आणि डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव. तू १९५३ची आणि महोत्सवही १९५३चा, हे तूच लहानपणी कौतुकाने सांगायचीस. रमणबागेत शाल पांघरून पहाटेपर्यंत भीमसेनजींना ऐकलेलं तू अजून सांगतेस. आता महोत्सव मुकुंदनगरला होतो, आपल्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, आणि तरी इतक्या वर्षांत तू एकदाही गेली नाहीस. दर वेळी कुणीतरी पाहुणे असायचे. यंदा डिसेंबरात कुणालाही या म्हणू नकोस. तिकिटं मी काढते. जमिनीवर बसणं तुला जमायचं नाही, खुर्चीची काढेन.

मी गाडी आणणार नाही. मेट्रो पिंपरीहून थेट स्वारगेटला येते, पुढे रिक्षा. साडेसातपर्यंत पोचेन. बाबांनी काठी घेऊन तयार राहावं. चहा मात्र आल्यावर तुझ्याच हातचा, आलं घालून.

तुमची,
थोरली